झटक्यात की दम खाऊन

आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्या काळात म्हणजे १९३२ साली निजामाच्या रेल्वेनं प्रवासी मोटारींची सेवा काढली. सुरुवातीला मोटारी फक्त २७. सरकारनं स्वतः चालवलेली देशातली ही पहिलीच बससेवा म्हणतात. आमच्या आजाच्या तोंडी मोटार सुरू करायला एकच शब्द होता, ‘हँडल मारणे’. मोटारीच्या नाकात लोखंडी दांडा घालायचा आणि दोन गडी लागून फिरवायचा. विहिरीवरचं किर्लोस्कर इंजिन आलं तेव्हा आमच्या पिढीनंही तेच केलं. हँडल धरायची एक रीत होती. अंगठा बाकीच्या चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मूठ वळायची नाही. इंजिननं उलटा झटका दिला तर हँडल हातातून निसटलं पाहिजे. अंगठा आडवा घातलेल्या माणसाचं मनगट गेलंच म्हणून समजा. आमच्या शिवारात वाकड्या मनगटाची दोन माणसं होती, आणि दोघांचंही मनगट इंजिनानंच मोडलेलं.

ह्या हँडलातून मोटारवाल्यांची सुटका केली ती अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगनं. शेतकऱ्याचं पोरगं होतं ते. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत त्यानं बॅटरीवर फिरणारा सेल्फ बसवला. पॉइंट, कॉइल आणि बॅटरीवरून प्लगला ठिणगी द्यायची पद्धतही त्यानंच रुळवली. तीच पद्धत पुढं सत्तर-ऐंशी वर्षं जगभर चालली. आमच्या गावात १९९१ साली जी गाडी आली तिच्या बोनेटखाली हेच केटरिंगचं घराणं नांदत होतं.

ती गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. गावात तिला कुणी पद्मिनी म्हणलं नाही, ‘फियाट’च म्हणायचे, आणि ते काही चूक नव्हतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा केला. आधी अमेरिकेच्या क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ निघू लागली. १९७० नंतर तिचंच नाव प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि १९७४ च्या सुमाराला पद्मिनी. गाडी तीच. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या दांडीला, पुढं सलग बाक. त्या बाकावर आमच्याकडं तीन माणसं आणि मांडीवर एक पोरगं बसायचं. एके काळी नवी गाडी मिळवायला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली, मग शहरातल्या लोकांनी फियाट विकायला काढल्या आणि त्या आमच्यासारख्यांच्या दारात आल्या. तालुक्याच्या गावात, खेड्यात कार आली ती अशी जुनी होऊन आली. म्हणून आमच्याकडच्या लोकांना गाडी चालवण्याआधी गाडी बंद का पडते हे शिकावं लागलं.

आमच्या दादानं म्हणजे थोरल्या भावानं ही गाडी नांदेडच्या एका व्यापाऱ्याकडून घेतली. कळमनुरी तालुक्यातलं आमचं गाव, पक्का रस्ता नुकताच झालेला. हिंगोली तेव्हा जिल्हा नव्हता, परभणीतच होता; जिल्हा झाला १ मे १९९९ ला. मोठा दवाखाना नांदेडला. जीपा होत्या, पण त्या भाड्यावर आणि दिवसाउजेडी. रातच्याला साप चावला, औषध पोटात गेलं, बाई अडली, की माणसं दादाच्या दारात. दादा पैसे घेत नसे, पेट्रोल तेवढं घालायला सांगायचा. गाडी गोठ्याला लागून केलेल्या पत्र्याच्या छपरात उभी असायची. एका बाजूला कडब्याची गंजी, दुसऱ्या बाजूला म्हशी.

पहिलं वर्ष गाडी बरी चालली. त्यानंतर तिला खोड लागली. पंधरा-वीस किलोमीटर गेलं की दम खायची, गचके द्यायची आणि बंद पडायची. मग कितीही सेल्फ मारा, सुरू होणार नाही. अर्धा तास थांबलं की पहिल्या सेल्फला सुरू. पुन्हा तेवढंच अंतर, पुन्हा तेच. गावातल्या गावात, शेताकडं, कळमनुरीच्या बाजाराला मात्र कधीच बंद पडली नाही. म्हणून माणसं म्हणायची, “लांबच्या वाटेची हिला हौस न्हाई.”

दादानं दोन-तीन गॅरेज पालथे घातले. एकानं कार्बोरेटर खोलून धुतला. एकानं एसी पंप बदलला. कार्बोरेटरला पेट्रोल चढवणाऱ्या पडद्याच्या पंपाला आमच्याकडचे मिस्त्री एसी पंपच म्हणतात. एकानं चारी प्लग नवे घातले. प्रत्येकानं दोन लिटर पेट्रोल टाकून वारंग्याच्या दिशेनं चक्कर मारून आणली, गाडी बंद पडली नाही, आणि “झाली बगा दुरुस्त” म्हणून पैसे घेतले. उन्हाळ्यात बंद पडली तर सगळे एका सुरात म्हणायचे, पेट्रोलची वाफ धरते. ते तरी खोटं कसं म्हणावं? पेट्रोल म्हणजे एकच पदार्थ नव्हे. त्यातला हलका भाग ३५-४० अंशालाच उकळायला लागतो, आणि आमच्याकडं मे महिन्यात सावलीतच ४२-४३ अंश असतात. बोनेटखाली तर चूलच. पंपात पेट्रोलाऐवजी वाफ भरली की पडदा नुसता हलत राहतो, ओढत काही नाही. मुंबईचे टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं गुंडाळायचे. दादा गोणपाटाचा ओला तुकडा ठेवायचा. गाडीत पाण्याची कळशी कायम असायची, निम्मी माणसांसाठी आणि निम्मी गाडीसाठी.

पण १९९३ च्या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, ती तशीच बंद पडली.

त्या रात्री वहिनीला कळा सुरू झाल्या होत्या, दिवस पुरते भरलेले नव्हते. सुईणीनं हात टेकले. दादानं गाडी काढली. मी पुढं, मागं वहिनी, आमची माय आणि आत्या. आखाडा बाळापूर मागं टाकलं आणि गाडीनं दम खाल्ला. अर्धा तास. वारंगा फाटा ओलांडला, थोडं पुढं पुन्हा. अर्धापूरच्या अलीकडं तिसऱ्यांदा. तिथं मग आम्ही थांबलोच नाही. केळीची एक ट्रक आली, तिला हात केला आणि वहिनीला केबिनमध्ये बसवून नेलं. दवाखान्यात पोचलो तेव्हा झुंजुमुंजू झालं होतं. वहिनी वाचली. पोरगा मेलेलाच जन्मला. डॉक्टरीणबाई दादाला म्हणाल्या, “दोन तास आधी आला असता तरी मी खात्रीनं काही सांगू शकले नसते.” हे त्यांचं म्हणणं मी जसंच्या तसं लिहितो, कारण दादानं ते कधी मानलं नाही. गाडी ओढून आणली, छपरात लावली आणि दादा म्हणाला, “हिचं कारण सापडल्याबिगर हिच्यात कुणी बसायचं न्हाई.” विकायला म्हणावं तर तशीही विकू देईना. म्हणायचा, “दुसऱ्याच्या घरी जाऊन हेच करल की ती.”

हिंगोलीत एक म्हातारे मिस्त्री होते. सगळे त्यांना चाचाच म्हणायचे. निजामाच्या काळात पोरवयात लॉऱ्या धुण्यापासून सुरुवात केलेली. दिसायचं कमी झाल्यानं पान्हा पोरांच्या हाती दिलेला, स्वतः खाटेवर बसून सांगायचे. आम्ही गाडी ट्रॅक्टरमागं बांधून त्यांच्याकडं नेली. ते उठलेही नाहीत, बोनेट उघडू दिलं नाही. दादाला समोर बसवून विचारलं, “बोलो पाटील, बंद कैसी पडती? झटके में, के दम तोड के?”

चाळीस वर्षं मी इंजिनं, ट्रॅक्टर, पंप, गाड्या यांच्यात काढली. ह्या एका प्रश्नाइतकं शहाणपण मला दुसऱ्या कुठल्या गॅरेजात मिळालं नाही. चालत्या गाडीचा दिवा विझवल्यासारखं इंजिन एका झटक्यात मेलं तर करंट गेला. कॉइल, कंडेन्सर, पॉइंट, डेल्को, नाहीतर एखादी सैल वायर. आणि दम खाऊन, गचके देत, पाय दाबला तर आणखी ओढ कमी होत मेलं तर पेट्रोल मिळेना. पैलवानाला झटका येणं वेगळं आणि उपाशी राहून गळणं वेगळं. म्हणून चाचा आधी मरण विचारायचे, मग रोग.

त्यांचा दुसरा नियम होता की तपास बंद पडल्या जागीच करायचा. गाडी थंड झाली की ती खोटं बोलते. याचं उदाहरण कंडेन्सर. करंगळीच्या पेराएवढी ती डबी पॉइंटच्या शेजारी असते. ती खराब व्हायला लागली की थंड असताना नीट चालते आणि तापली की दगा देते. पॉइंटमध्येच पिवळ्या ठिणग्या उडतात आणि प्लगपर्यंत काही पोचत नाही. गॅरेजात नेईस्तोवर ती गार होते, मिस्त्री तपासतो, सगळं ठीक. म्हणून रस्त्यातच कॉइलची मधली जाड वायर डेल्कोतून काढायची, सुकं फडकं धरून तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून करंगळीच्या अर्ध्या रुंदीएवढं लांब धरायचं आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला लावायचं. आसपास पेट्रोलचा वास नको एवढं आधी पाहायचं. निळी ठिणगी कडकड उडाली तर करंट आहे. पिवळी, मरतुकडी उडाली तर नाही. पॉइंटची फट जाड लग्नपत्रिकेच्या कागदाएवढी हवी, हेही चाचांचंच माप. आमच्या खेड्यात मापाची पट्टी कुणाकडं नव्हती, लग्नपत्रिका घरोघरी होत्या.

सकाळी गार गाडी सुरूच होत नसेल तर तो वेगळा तपास. तिथं चाचा बॅटरीपासून सुरुवात करायचे. हेडलाइट लावायचा आणि सेल्फ मारायचा. दिवा पार विझला तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनलला पांढरी भुकटी धरलेली. दिवा तसाच राहिला आणि सेल्फ नुसता टक म्हणाला तर बिघाड सेल्फकडं. इंजिनपासून चेसीला गेलेली अर्थची पट्टी तर कुणी बघतच नाही. ती गंजली की नवी बॅटरीही म्हातारी वाटते. इंजिन जोरात फिरतं पण पेट घेत नाही, तर प्लग काढून बघायचा. सुका असला तर पेट्रोल येत नाही. ओला, वास मारणारा असला तर चोक ओढून ओढून इंजिन पेट्रोलात बुडवलंय. चोकचं काम हवा अडवायचं. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही म्हणून थोडा वेळ पेट्रोल जास्त, हवा कमी. सुरू झाल्यावर तो आत ढकलायचा असतो. आमच्या गावातल्या एका गुरुजींनी चोकच्या खुंटीला पिशवी अडकवायला सुरुवात केली होती आणि गाडी पेट्रोल फार पिते म्हणून तक्रार करायचे.

आमच्या गाडीकडं येतो. दम खाऊन मरते म्हणल्यावर चाचांनी करंटचा विषय सोडला. रातच्याला थंडीतही मरते म्हणल्यावर वाफेचाही सोडला. मग तिसरा प्रश्न, “टंकी में तेल कित्ता रहता तब?” दादा जरा थांबला. मग म्हणाला, नांदेडला जायचं असलं की मी टाकी भरून घेतो. गावात चार-दोन लिटरवर चालवतो. त्या रात्रीही गाडी भरलेलीच होती, कारण वहिनीचे दिवस जवळ आले म्हणून दादानं आठ दिवस आधीच टाकी काठोकाठ भरून ठेवली होती.

चाचांनी दाढी खाजवली. “टंकी फुल करो. चलो.”

मागच्या बाकावर त्यांना बसवलं. औंढ्याच्या रस्त्याला लागलो. पंधरा-सोळा किलोमीटरवर गाडीनं दम खाल्ला आणि थांबली. दादा बोनेटकडं निघाला. चाचा म्हणाले, “उधर नक्को. टंकी का ढक्कन खोलो.” दादानं टाकीचं झाकण फिरवलं, आणि फुस्सऽऽ करून हवा आत ओढली गेली. शेजारच्या बाभळीखाली बसलेल्या गुराख्यालाही ऐकू गेला असेल एवढा आवाज. “अब मारो सेल्फ.” दुसऱ्या सेल्फला गाडी सुरू. अर्धा तास थांबावं लागलं नाही.

आता हे काय होतं? रॉकेलच्या पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडलं तर रॉकेल गळक-गळक करत येतं आणि थांबतं. म्हणून दुकानदार समोरासमोर दोन भोकं पाडतो, एक तेलाला आणि एक हवेला. गाडीच्या टाकीचंही तेच. जेवढं पेट्रोल बाहेर जाईल तेवढी हवा आत आली पाहिजे. त्यासाठी टाकीला श्वासाची एक बारीक नळी असते. ती बुजली की पेट्रोल कमी होईल तशी टाकी आत पोकळ ओढ घेते. पंप आपल्या बाजूला ओढतो, टाकी आपल्या बाजूला, आणि शेवटी पंप हरतो. टाकी काठोकाठ भरलेली असली तर वर हवेला जागाच थोडी, म्हणून लिटर-सव्वा लिटर गेलं की ओढ बसते. टाकीत चार लिटरच असले तर वर हवा भरपूर, ती ताणली जाते, फार फरक पडत नाही. म्हणून बाजाराला जाताना ती कधी थांबली नाही. म्हणून दोन लिटर टाकून चक्कर मारणाऱ्या एकाही मिस्त्रीला ती सापडली नाही. अर्ध्या तासात झाकणाच्या रबरातून हवा हळूहळू झिरपायची, तेव्हा ती आपोआप बरी व्हायची.

नळी काढून बघितली तर तिच्या तोंडात माती. साधी धूळ नव्हे, मळून, थापून, गुळगुळीत केलेली चिकणमाती. कुंभारीण माशीनं घर केलं होतं. खिडकीच्या फटीत, कुलपाच्या भोकात, विजेच्या बटणामागं ती घर करते हे आम्हा शेतकऱ्यांना माहीतच आहे. गोठ्याशेजारी ओली माती आणि पावसाळाभर उभी गाडी, तिला आणखी काय पाहिजे? चाचांच्या पोरानं सायकलच्या आऱ्यानं नळी साफ केली. आत वाळलेल्या अळ्या-कोळ्यांचा चुरा निघाला. चाचांनी पैसे घेतले नाहीत. त्या रात्रीचं त्यांना आमच्या मामांनी आधीच सांगितलं होतं.

दादा तिथंच रस्त्याच्या कडेला बराच वेळ बसून राहिला. मी काही बोललो नाही. गाडीत काही मोडलेलं नव्हतं, कुठला भाग झिजलेला नव्हता. आणि टाकी भरली होती ती काळजीपोटी.

त्यानंतर गाडी सतरा वर्षं चालली. नळीच्या तोंडाला दादानं तांब्याच्या बारीक जाळीचा तुकडा बांधला होता, तो दर दिवाळीला बदलायचा. तिच्यात किती बायका नांदेडला गेल्या याचा हिशेब कुणी ठेवला नाही. निदान चार पोरं तरी आज गावात अशी आहेत की ज्यांची आई त्या बाकावर आडवी होऊन गेली होती. त्यातल्या एकाचं नाव लोकांनी लाडानं ‘फियाट’ ठेवलंय, आता त्यालाही दोन लेकरं आहेत.

पुढं पेट्रोलच बदललं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाविना पेट्रोल आलं. शिसं विषारी, ते गेलं हे चांगलंच झालं. पण जुन्या इंजिनात त्याचा थर व्हॉल्व्हच्या बैठकीवर गादीसारखा काम करायचा. तो गेल्यावर जुन्या, मऊ बैठका झिजू लागल्या, व्हॉल्व्ह खाली बसू लागला, टॅपेटची फट संपू लागली आणि दाब गळून सकाळी गाडी सुरू होईना. इथं कार्बोरेटर धुऊन काही उपयोग नव्हता, टॅपेट तपासावे लागत. त्यातच काही पंपांवर पेट्रोलात रॉकेल यायचं, ते प्लगच्या काळ्या तोंडावरून कळायचं.

मग २००३ पासून पेट्रोलात इथेनॉल मिसळायला लागले. आधी ५ टक्के, आता २० टक्के. इथेनॉल उसाच्या मळीतून निघतं. आमच्याच जिल्ह्यात वसमतकडं ऊस पिकतो, तेव्हा शेतकरी म्हणून मी त्याविरुद्ध बोलणार नाही. पण ज्याच्याकडं जुनी कार्बोरेटरची गाडी आहे त्यानं तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. इथेनॉल पाणी शोषतं, आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात. महिनाभर उभी राहिलेली गाडी मग सुरू होत नाही. टाकीतला वर्षानुवर्षांचा मळ ते सोडवतं आणि तो जेटमध्ये अडकतो. जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा त्यानं फुगतात, चिरतात. पडदा फाटला की पेट्रोल इंजिन ऑइलात उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्या, पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरू करायचीच नाही. आधी पडदा, मग ऑइल.

कुर्ल्याला पद्मिनी बनणं २००० च्या सुमाराला थांबलं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत ती आणखी वीस वर्षं टिकली. शेवटची नोंद २९ ऑक्टोबर २००३ ची होती. टॅक्सीला २० वर्षांची मुदत, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस तीही रस्त्यावरून गेली. २०१४ मध्ये १०८ नंबरची रुग्णवाहिका सुरू झाली आणि रातच्याला आमच्या दारात येणारी माणसं कमी झाली.

आता माझ्या पोराकडं नवी गाडी आहे. बंद पडली की काचेत पिवळा दिवा लागतो. गॅरेजवाला एक यंत्र लावतो, त्यात आकडा येतो आणि आकडा सांगेल तो भाग बदलतो. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. रातच्याला अडलेली बाई नेणाऱ्याला पॉइंटची फट मोजत बसायची वेळ येऊ नये. पण गेल्या पावसाळ्यात शेजाऱ्याची मोटारसायकल अशीच दम खाऊन थांबायला लागली. दोन गॅरेजांत कार्बोरेटर धुऊन झाला. तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, “काका, कामून बंद पडत असल?” मी विचारलं, “टाकी भरल्यावर की रिकामी असताना?” तो म्हणाला, “भरल्यावर.” मी त्याला झाकण उघडायला लावलं. झाकणातल्या भोकात कुंभारणीनं नुकतंच थापायला घेतलं होतं. माती अजून ओली होती.